स्वस्तातले राक्षस

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कच्या नैऋत्य टोकाला दगडाची एक जुनी खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून खडी निघायची. खाण बंद पडली आणि डोंगरातून आरपार गेलेला एक आखूड बोगदा तेवढा मागे उरला. ब्रॉन्सन केव्ह्ज हे त्याचे नाव. १९५३ साली ‘रोबॉट मॉन्स्टर’मधल्या परग्रहवासीयाने या बोगद्याच्या तोंडाशी आपले मुख्यालय थाटले. १९५६ साली ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मधला शुक्रावरचा जीव इथेच दबा धरून बसला. त्याच वर्षी ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’चे नायक-नायिका अख्ख्या गावाला चुकवून लपायला आले तेही इथेच. पुढे टीव्हीवरच्या बॅटमॅनची मोटारही याच भोकातून सुसाट बाहेर पडायची. स्टुडिओपासून जवळ, भाडे किरकोळ आणि कॅमेरा नीट लावला तर शहराचा मागमूस नाही. पोटापुरते पैसे खिशात घेऊन निघालेल्या निर्मात्याला आणखी काय हवे?

वरचे पहिले तीन चित्रपट अमेरिकी ‘बी’ वर्गातले आहेत. तिघांत परग्रहावरून संकट येते, तिघेही घाईत उरकले आहेत. तरीही पहिला आज लोक हसण्यासाठी पाहतात, दुसरा जुन्या शौकिनांपुरता उरला आहे आणि तिसऱ्याची गणना अमेरिकी सिनेमातल्या उत्तम चित्रपटांत होते. पन्नाशीच्या दशकात असे शेकडो विज्ञानपट निघाले. त्यांतले मोजकेच टिकले. ते का टिकले याची बरीच उत्तरे दिली गेली आहेत: अणुबॉम्बची धास्ती, कम्युनिस्टांचा बागुलबुवा, लहानपणीच्या आठवणी, वाईटपणातली गंमत. या प्रत्येकात थोडे तथ्य आहे. मला मात्र वाटते, आधी हिशेबाची वही उघडावी. राक्षसावर खर्च करायला पैसे नसताना दिग्दर्शकाने राहिलेली रिळे कशाने भरली, यावर त्या चित्रपटाचे आयुष्य ठरले.

आधी धंद्याची रीत पाहू. १९३०च्या मंदीत प्रेक्षक टिकवायला थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. मुख्य चित्रपटाचे भाडे गल्ल्याच्या टक्केवारीने ठरे, तर जोडीच्या दुय्यम चित्रपटाला ठरावीक उक्ती रक्कम मिळे. हा दुसरा म्हणजे ‘बी’. तो कितीही चांगला वठला तरी निर्मात्याच्या पदरात जास्त पडणार नव्हते आणि भिकार निघाला तरी ठरलेले पैसे बुडणार नव्हते. साहजिकच सगळे कसब खर्च कमी करण्यात लागले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरे वेगळी काढावी लागली. पाठोपाठ घराघरात टीव्ही आला. मोठ्यांनी कमी पण भपकेबाज चित्रपट काढायचे ठरवले. थिएटरांना मात्र आठवड्याच्या आठवड्याला माल लागतच होता. तो पुरवायला फाटके, चलाख, बहुतेक स्वतंत्र निर्माते पुढे सरसावले. मोटारीत बसून सिनेमा पाहायची ड्राइव्ह-इन थिएटरे दशकाच्या अखेरीस चार हजारांवर गेली होती. तिथे येणारी गिऱ्हाइके होती गाडी चालवायला नुकतीच शिकलेली पोरे. पडद्यावरच्या गोष्टीत त्यांचे सगळे लक्ष असायचेच असे नाही.

या मंडळींची चपळाई पाहायची तर रॉबर्ट लिपर्टचे उदाहरण घ्यावे. १९५० साली जॉर्ज पालचा ‘डेस्टिनेशन मून’ हा चांद्रस्वारीवरचा रंगीत, खर्चिक चित्रपट येणार म्हणून वर्तमानपत्रांत गवगवा चालला होता. लिपर्टने तीन आठवड्यांच्या आत ‘रॉकेटशिप एक्स-एम’ चित्रित करून तो पालच्या आधीच थिएटरांत लावला. पालने केलेल्या जाहिरातीवर याने आपले दुकान मांडले. कथेतले यान चंद्राकडे निघते आणि वाट चुकून मंगळावर पोहोचते. मंगळाला कॅलिफोर्नियातला उघडा-बोडका मुलूख पुरला. गंमत म्हणजे दोहोंतला खिन्न आणि धाडसी शेवट या स्वस्तातल्या चित्रपटाचाच आहे. याच लिपर्टने दोन वर्षांनी तामिळनाडूतल्या सेलमच्या मॉडर्न थिएटर्सशी भागीदारी करून ‘द जंगल’ काढला. तामिळमध्ये तोच ‘काडू’. त्यात भारतातल्या रानात केसाळ प्राचीन हत्ती सापडतात. ते कुठून आणले? आपल्याच हत्तींना केसांच्या झुली चढवल्या. हत्तींनी ते कसे सोसले असेल कोण जाणे.

१९५४ साली जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी जी कंपनी काढली ती पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स म्हणून गाजली. तिची कामाची पद्धत सरळ उलटी होती. निकल्सनला आधी शीर्षक सुचायचे. त्यावरून पोस्टर व्हायचे, पोस्टर थिएटरमालकांना दाखवले जायचे आणि त्यांनी मान डोलावली की मग कथा लिहायला लेखक बसायचा. पोस्टरवर जे रंगवले ते चित्रपटात दाखवायची ऐपत कोणाचीच नव्हती. इतर कंपन्यांचीही तीच तऱ्हा. १९५८च्या ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वूमन’चे रेनल्ड ब्राउनने रंगवलेले पोस्टर घ्या. महामार्गाच्या पुलावर दोन पाय फाकून उभी असलेली, खेळण्यासारखी मोटार हातात उचललेली ती राक्षसीण आजही टी-शर्टवर दिसते. चित्रपटात हे दृश्य नाहीच. तिथे ॲलिसन हेसची प्रतिमा एकावर एक चित्रण करून अशी बसवली आहे की तिच्या अंगातून मागचे डोंगर दिसतात. एक मोठा कागदी लगद्याचा हात खिडकीतून आत येतो आणि लोक किंचाळतात. पण नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने पिचलेली ही श्रीमंत, दारूच्या आहारी गेलेली बाई, तिच्यावर कोणाचाच विश्वास नाही आणि मग एके दिवशी ती छप्पर फोडून उभी राहते, हे कथानक ऐका. ते पोस्टरवाल्याला कळले होते. दिग्दर्शक नेथन युरानने तर आपले आडनाव बदलून ‘हर्ट्झ’ असे श्रेयनामावलीत टाकले.

‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ हा निकल्सन-आर्कॉफ यांच्या कंपनीच्या कारखान्यातला नमुनेदार माल आहे. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. हा गृहस्थ स्टॅनफर्डमध्ये औद्योगिक अभियांत्रिकी शिकला होता आणि चित्रपट कसा काढायचा हे तो कारखाना कसा चालवायचा यासारखे बघत असे. शुक्रावर गुरुत्वाकर्षण फार, तेव्हा तिथला जीव बुटका, बसका, जमिनीला चिकटलेला असणार, असा तर्क लढवून पॉल ब्लेसडेलने राक्षस घडवला. स्वतःच आत बसून त्याला हलवायचेही त्याने कबूल केले. पेरू उलटा ठेवल्यासारखा आकार, वर शिंगे, बाजूंना खेकड्याचे हात आणि तोंडभर दात. चित्रीकरणाला आलेली नायिका बेव्हर्ली गार्लंड त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे वरून खाली पाहिले, जग जिंकणारा तो हाच का असे काहीसे बोलली आणि तिने त्याला एक लाथ हाणली. हा किस्सा कॉर्मनच सांगायचा. राक्षस नायिकेपेक्षा उंच हवा, एवढे शास्त्र त्या दिवशी आपण शिकलो, असे तो म्हणे. मग घाईघाईने त्याची उंची वाढवली गेली. अखेरच्या प्रसंगात हा जीव ब्रॉन्सनच्या बोगद्यातून भर दुपारी उजेडात येतो आणि सगळा मामला कोसळतो. अंधारात त्याचे नुसते डोळे दिसले असते तर काय झाले असते, असे वाटत राहते. कारण त्याआधीचा तासभर बरा आहे. त्यात ली व्हॅन क्लीफ हा मानी, दुखावलेला शास्त्रज्ञ मानवजातीचा कंटाळा येऊन दिवाणखान्यातल्या रेडिओवरून परग्रहाशी बोलतो. त्याची बायको रात्री अंथरुणातून हे ऐकते. घरातला हा ताण कॉर्मनला जमला होता आणि त्याला छदाम लागला नव्हता.

राक्षस दाखवायचाच तर तो कसा, याचे मोजकेच मार्ग होते. सर्वांत स्वस्त म्हणजे माणसाला कातडे चढवणे. ‘रोबॉट मॉन्स्टर’मध्ये यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, म्हणून दिग्दर्शक फिल टकरने जॉर्ज बॅरोज या नटाला बोलावले, कारण बॅरोजकडे गोरिलाचा स्वतःचा पोशाख होता. डोक्यावर पाणबुड्याचे शिरस्त्राण चढवले की झाला परग्रहवासी. याच्या बोलण्या-ऐकण्याच्या यंत्रातून साबणाचे बुडबुडे निघतात आणि ते यंत्र पुरवणाऱ्याचे आभार श्रेयनामावलीत रीतसर मानले आहेत. संगीत एल्मर बर्नस्टाइनचे! पुढे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ला चाली देणारा हाच माणूस इथे एका केसाळ अवताराला भव्यता बहाल करायला धडपडतो आहे.

दुसरा मार्ग पुतळा एकेक चौकट हलवून जिवंत करण्याचा. हे काम रे हॅरीहाउझेन जवळजवळ एकट्याने करायचा. १९५३च्या ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउझंड फॅदम्स’चा खर्च सुमारे दोन लाख डॉलर. वॉर्नरने तो विकत घेतला आणि त्यावर रग्गड कमावले. आर्क्टिकमधल्या अणुस्फोटाने जागा झालेला हा सरडा न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून फिरतो आणि पुढच्याच वर्षी जपानी ‘गोजिरा’ समुद्रातून वर आला त्यामागे याच्या यशाचाही हात होता. १९५५च्या ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’मध्ये तर काटकसरीची कमाल झाली. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल मोडणाऱ्या महाकाय ऑक्टोपसला आठाऐवजी सहाच हात आहेत. प्रत्येक हात हलवायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा. दोन हात पाण्याखाली आहेत असे प्रेक्षक धरून चालतो. हॅरीहाउझेनचे पुतळे आजही पाहवतात ते त्यांच्या वागण्यामुळे. ते दमतात, कावरेबावरे होतात, मरताना एकदा मान वर करतात. समोरचे हाडामांसाचे नट कित्येकदा त्यांच्याइतकेही जिवंत वाटत नाहीत.

तिसरा मार्ग ‘द ब्लॉब’वाल्यांनी काढला. राक्षसाला आकारच द्यायचा नाही. हा चित्रपट हॉलीवूडचा नाही, पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर स्प्रिंग्ज गावचा आहे. तिथल्या व्हॅली फोर्ज स्टुडिओत अर्विन येवर्थ धार्मिक आणि बोधपर लघुपट काढायचा. वितरक जॅक हॅरिसला निर्माता व्हायचे होते आणि त्याच्याकडे कल्पना तयार होती. आकाशातून एक गोळा पडतो, त्यातून चिकट लगदा निघतो, तो माणसे गिळतो आणि गिळेल तसा फुगत जातो. सव्वा लाख डॉलरच्या आत, शिवाय रंगीत, हे काम उरकायचे होते. लगदा म्हणजे लाल रंग घातलेले सिलिकॉन. ते धड वाहत नाही, धड थांबत नाही. त्याला हुकूम कसा करणार? मग उपाहारगृहाचे छायाचित्र एका हलत्या पाटावर बसवले, कॅमेराही त्याच पाटाला जखडला आणि पाट हवा तसा कलता केला. पाट कलला की गोळा छायाचित्रावरून घरंगळून खाली येई. पाट आणि कॅमेरा एकत्र हलल्यामुळे पडद्यावर इमारत स्थिर दिसते. मग ते चित्रण उलटे छापले की गोळा इमारतीवर चढताना दिसतो. हे कळूनही ते दृश्य पाहताना पोटात कसेसेच होते.

पण हे सगळे मिळून पडद्यावर किती वेळ? फार थोडा. उरलेला चित्रपट एका लहान गावातल्या एका रात्रीचा आहे. पोरे गाड्यांची उलटी शर्यत लावतात, पोलीस त्यांना हटकतात, म्हाताऱ्याच्या हाताला काहीतरी चिकटले आहे म्हणून त्याला डॉक्टरकडे नेतात. डॉक्टर नाहीसा होतो आणि पोरांनी पाहिलेले कोणी खरे मानत नाही. नायक स्टीव्ह मॅक्वीन तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, शाळकरी दिसायला जरा थोराडच. त्याने नफ्यातला वाटा नाकारून रोख सुमारे तीन हजार डॉलर घेतले आणि पुढे चित्रपटाने लाखो कमावल्यावर हात चोळत बसला. शेवटी थंडीने गोळा हरतो हे कळते तेव्हा आग विझवायची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी हवी असतात. ती असतात शाळेत आणि शाळेला कुलूप असते. तेव्हा मुख्याध्यापक स्वतः दगड उचलून शाळेच्या दाराची काच फोडतात. रात्रभर पोरांना खोटे ठरवणारी वडीलधारी माणसे या एका दगडासरशी त्यांच्या बाजूला येतात. पटकथेचा खरा शेवट इथेच होतो. गोळा आर्क्टिकमध्ये नेऊन टाकतात ते नंतरचे उपचार. फिनिक्सव्हिल गावच्या कलोनियल थिएटरातून किंचाळत पळणारी गर्दी या चित्रपटात आहे. नीट पाहिले तर त्यातले काही जण हसताहेत. गावकरीच ते, सिनेमात पळायला मिळाले म्हणून खूश. आता दर उन्हाळ्यात तिथे ब्लॉबफेस्ट भरतो आणि लोक त्याच दारातून पुन्हा किंचाळत धावत सुटतात.

हे गाव खोटे नाही, ही माझ्या मते ‘ब्लॉब’ची मोठी पुंजी. सेट परवडत नाहीत म्हणून खरी दुकाने, खरे रस्ते, खरे दवाखाने वापरले गेले. पन्नाशीच्या अमेरिकेतले सामान्य जीवन ए वर्गाच्या चकचकीत चित्रपटांपेक्षा या फुटकळ चित्रपटांत जास्त सापडते. ‘देम!’ काही बी वर्गाच्या तळातला नाही, वॉर्नरचा बऱ्या खर्चाचा चित्रपट आहे; पण त्यातलेही न विसरण्याजोगे दृश्य महाकाय मुंग्यांचे नाही. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वाऱ्यात उघडी पडलेली पडवी, फुटलेली बाहुली आणि हबकून मुकी झालेली लहान मुलगी, हे ते दृश्य. मुंगी अर्ध्या तासाने येते.

घरगुतीपणाचा कळस ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’मध्ये (१९५७) आहे. जॅक आर्नल्डचा हा चित्रपट युनिव्हर्सलचा, म्हणजे तुलनेने खातापिता. किरणोत्सारी धुके अंगावरून गेलेला एक सरळमार्गी गृहस्थ हळूहळू आक्रसत जातो. आधी सदरा सैल होतो. मग बोटातली लग्नाची अंगठी गळून पडते. मग बायकोचा आवाज फार मोठा वाटू लागतो. अखेर मांजराच्या तावडीतून सुटून तो स्वतःच्या घराच्या तळघरात पडतो आणि उरलेला चित्रपट तिथेच घडतो. आगपेटीत राहायचे, टाचणीची तलवार करायची, उंदराच्या सापळ्यातला चीजचा तुकडा काढायचा, कोळ्याशी लढायचे. गळणाऱ्या बंबाचे थेंब माणसाच्या आकाराचे दाखवायचे होते. पाणी नुसते ओतले तर ते थेंबासारखे पडत नाही. आर्नल्डला लहानपणी केलेला उद्योग आठवला. त्याने निरोध मागवले, पाण्याने भरले आणि वरून सोडायला लावले. पडताना आकार थेंबाचा, आपटल्यावर शिंतोडे थेंबाचे. हिशेबनिसांनी या खरेदीबद्दल विचारले तेव्हा कष्टकऱ्यांसाठी मेजवानी ठेवली होती असे सांगितल्याचा किस्सा तो रंगवून सांगत असे. रिचर्ड मॅथसनची कथा नायकाला बरे करून परत पाठवत नाही. तो लहानच होत जातो आणि जाळीतून बाहेर पडतो. आनंदी शेवट हवा म्हणून स्टुडिओने घातलेला हट्ट आर्नल्डने मानला नाही.

‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’कडे राक्षसच नाही. जॅक फिनीची कथा १९५४ साली ‘कॉलियर्स’ नियतकालिकात क्रमशः आली होती. निर्माता वॉल्टर वँगर, दिग्दर्शक डॉन सीगल, कंपनी अलाइड आर्टिस्ट्स, जी आधी मोनोग्राम या नावाने स्वस्त चित्रपटांचा रतीब घालायची. खर्च चार लाख डॉलरच्या आसपास, चित्रीकरण महिन्याच्या आत. मोठमोठ्या शेंगा, त्यातून फेसासह बाहेर येणारी अर्धवट माणसे आणि त्यासाठी नट-नट्यांच्या अंगावरून घेतलेले साचे, एवढाच काय तो चमत्कार. भीती निर्माण होते ती क्षुल्लक गोष्टींतून. डॉक्टर परगावाहून परत येतो. वाटेत भाजीचा एक ठेला बंद पडलेला, आईपासून पळणारा एक मुलगा. एक बाई सांगते, माझे काका माझे काका नाहीत. आठवणी त्याच, खूण तीच, बोलणे तेच, पण डोळ्यांत ओलावा नाही. पुढे सकाळी चौकात रोजच्यासारखी माणसे उभी आहेत. बस येते, परके उतरतात, त्यांना बाजूला नेले जाते. मग ट्रक येतात आणि शांतपणे, रेशन वाटावे तशा, शेंगा वाटल्या जातात. हा चौक सिएरा माद्रे गावचा खरा चौक आहे. सगळे भर उन्हात, आरडाओरडा नाही. नायक-नायिका हे दवाखान्याच्या खिडकीतून पाहतात. असे दृश्य लाखो खर्चूनही कित्येकांना साधलेले नाही.

सीगलला शेवट हमरस्त्यावर हवा होता. वेडापिसा झालेला डॉक्टर गाड्यांपुढे आडवा जातो, कोणी थांबत नाही, तो थेट प्रेक्षकाकडे बोट करून ओरडतो आणि खेळ संपतो. कंपनीला हे फार जड वाटले. म्हणून मागे-पुढे इस्पितळातले दोन प्रसंग जोडले गेले आणि अखेरीस सरकारी यंत्रणा जागी होते. जोड इतका उघड आहे की प्रेक्षक तो मनातल्या मनात कापून टाकतो.

या शेंगा म्हणजे कोण, यावर साठ-सत्तर वर्षे वाद चालला आहे. कोणी म्हणते कम्युनिस्ट, कोणी म्हणते कम्युनिस्टांच्या शोधात पिसाट झालेले सिनेटर मॅकार्थीचे भालदार. फिनीने असा कोणताही हेतू नाकारला. सीगलला शेंगा आपल्याच आजूबाजूला, स्टुडिओच्या कचेऱ्यांत दिसत. दोन परस्परविरोधी अर्थ एकाच चित्रपटात नीट बसतात याचे कारण चित्रपट मताबद्दल बोलतच नाही. जवळचा माणूस तोच दिसावा आणि तो नसावा, एवढेच तो सांगतो. हा अनुभव घ्यायला राजकारण लागत नाही. घरात बिनसलेले असले तरी पुरते.

अणुभयाचा अर्थ मात्र टाळता येण्यासारखा नाही. ‘देम!’च्या मुंग्या १९४५च्या पहिल्या अणुचाचणीच्या जागी वाढतात, ‘बीस्ट’ अणुस्फोटाने जागा होतो, आक्रसणाऱ्या माणसाला किरणोत्सार गाठतो. सुझन सोंटॅगने १९६५ साली या सगळ्या प्रकारावर एक गाजलेला लेख लिहिला. हे चित्रपट विज्ञानाचे नाहीत, विध्वंसाचे आहेत, आणि खऱ्या भीतीला ते पाहण्याजोगे रूप देऊन तिला सोसण्याजोगी करतात, असा तिचा रोख. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांना ते लागू पडते. पण ज्यांना शहर मोडणे परवडतच नव्हते त्यांचे काय? कॉर्मनच्या चित्रपटात विध्वंस म्हणजे घड्याळे बंद पडतात, नळाला पाणी येत नाही, मोटार सुरू होत नाही. जग बुडाले आहे ते स्वयंपाकघरात कळते. सोंटॅगचा सिद्धांत या गरीब भावंडांपर्यंत पोहोचत नाही असे मला वाटते. शिवाय निर्मात्यांची नजर भयापेक्षा बातमीवर असायची. ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुटनिक उडाले आणि पुढच्या मे महिन्यात कॉर्मनचा ‘वॉर ऑफ द सॅटेलाइट्स’ पडद्यावर होता.

कौतुकाच्या भरात एक विसरू नये: यातले बहुसंख्य चित्रपट कंटाळवाणे आहेत. वेळ भरून काढायला लष्कराची जुनी चित्रफीत चिकटवलेली, नकाशासमोर उभे राहून भाषणे ठोकणारे जनरल, संशोधिका असूनही कॉफी करणारी नायिका. अपवाद आहेत. ‘देम!’मधली जोन वेल्डनची कीटकशास्त्रज्ञ मुंग्यांच्या वारुळात उतरायचा हट्ट धरते आणि उतरते. पडद्यामागची गोष्ट आणखी कडू आहे. ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधल्या (१९५४) जलमानवाचे रूप मिलिसेंट पॅट्रिकने रेखाटले. स्टुडिओने तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवले, तेव्हा रंगभूषा विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर याला ते खुपले. दौरा संपला आणि तिचे काम गेले. नाव पडद्यावर त्याचेच राहिले. तिचे श्रेय लोकांना कळायला कित्येक दशके लागली.

आता ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. एड वुडचा हा चित्रपट १९५६ साली चित्रित झाला. त्यातला नट बेला लुगोसी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला होता. त्याचे आधी घेतलेले थोडेसे चित्रण वुडकडे होते. उरलेल्या भागासाठी वुडने आपल्या बायकोच्या हाडवैद्याला तोंडावर झगा धरून चालायला लावले. तो लुगोसीपेक्षा उंच होता, चेहरा अजिबात जुळत नव्हता. पैसे एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी घातले आणि त्यांच्या समाधानासाठी वुडसह काहींनी बाप्तिस्मा घेतला. उडत्या तबकड्या म्हणजे मोटारीच्या चाकांच्या टोप्या किंवा कागदी ताटल्या, असे सांगतात. प्रत्यक्षात ती दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची जोडखेळणी होती. १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकात याला सर्वकाळातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवले गेले आणि वुड मरणोत्तर प्रसिद्ध झाला. टिम बर्टनने १९९४ साली त्याच्यावर प्रेमाने चित्रपट काढला. त्यात लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळाले.

मेडव्हेड बंधूंपासून एक नवाच रिवाज पडला. वाईट चित्रपट शोधायचे आणि टोळक्याने बसून त्यांची टर उडवायची. १९८८ साली मिनिआपोलिसमध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर’ हा त्याचाच टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातले विनोद चांगले आहेत हे मान्य. पण याने सगळ्या प्रकारावर एकच शिक्का बसला. ‘प्लॅन नाइन’मधल्या पडत्या थडग्यांना हसायची सवय लागलेला प्रेक्षक ‘श्रिंकिंग मॅन’लाही दोरी दिसते का हेच शोधत बसतो. शिवाय ‘प्लॅन नाइन’ काही सर्वांत वाईट नाही. त्याची वाक्ये इतकी अजब आहेत की ती एका विशिष्ट माणसाचीच असू शकतात. खरे वाईट चित्रपट कोणाचेच नसतात आणि त्यांची नावे कोणाला आठवतही नाहीत.

पुढे मोठ्या पैशांनी ही गोष्ट उचलली. ‘एलियन’चा (१९७९) सांगाडा १९५८च्या ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’शी जुळतो, यानात शिरलेला एक जीव आणि एकेक करून मरणारे खलाशी. कॉर्मनच्या हाताखाली शिकलेले जेम्स कॅमेरॉन, जो डांटे पुढे हॉलीवूडच्या मधोमध पोहोचले. ‘बॉडी स्नॅचर्स’ फिलिप कॉफमनने १९७८ साली पुन्हा काढला, तो सॅन फ्रान्सिस्कोत. जुना नायक केव्हिन मॅकार्थी त्यात रस्त्यावर अजूनही ओरडत धावतो आणि सीगल टॅक्सीवाला होऊन येतो. ही नवी आवृत्ती उत्तम आहे, कारण कॉफमनने ती महानगरात नेताना तिथल्या माणसांचे परकेपण आधी नीट पाहिले. १९८८चा नवा ‘ब्लॉब’ तांत्रिकदृष्ट्या जुन्याच्या कितीतरी पुढे आहे. त्यातला लगदा माणसाला आतून विरघळवतो, तेही तपशीलवार. पण त्यातले गाव कोणते होते, हे विचारले तर सांगता येत नाही.

ज्याने यातले काहीच पाहिलेले नाही त्याने ‘प्लॅन नाइन’पासून मुळीच सुरुवात करू नये. आधी ‘श्रिंकिंग मॅन’, मग ‘बॉडी स्नॅचर्स’, दोन्ही कृष्णधवल, दोन्ही दीड तासाच्या आत. त्यानंतर ‘देम!’चा पहिला अर्धा तास आणि ‘ब्लॉब’ पूर्ण. हॅरीहाउझेनचे चित्रपट घरात लहान मूल असेल तर त्याच्या सोबतीने पाहावेत, त्यांचे पुतळे मुलांना आजही पटतात. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ ली व्हॅन क्लीफसाठी पाहायला हरकत नाही, पण राक्षस गुहेतून बाहेर पडायच्या आत बंद करावा. ‘रोबॉट मॉन्स्टर’ सर्वांत शेवटी, दोस्तमंडळी जमली असताना, आणि तेव्हाही बर्नस्टाइनच्या संगीताकडे कान देऊन.